पडद्यावरची उडी

मारधाडीच्या चित्रपटाला आपल्याकडे पंक्तीत पाट मिळालेला नाही. पौराणिक चित्रपटाला देवघराजवळची जागा, ऐतिहासिकाला मानाचे पान, सामाजिकाला त्याच्या शेजारचे. आणि स्टंटपट मात्र ओसरीवर, चपलांच्या शेजारी. गंमत अशी की, पंक्तीतली मंडळी जेवता जेवता पुन्हा पुन्हा ओसरीकडेच पाहत असतात. घरातली वडीलधारी माणसे "कसली ती ढिशुम् ढिशुम्!" म्हणून नाक मुरडतात, आणि खलनायक जिना चढू लागला की हातातले वर्तमानपत्र हळूच खाली करतात. जाणकारांनी या चित्रपटांवर जे थोडेफार लिहिले तेही बहुधा वाण्याच्या यादीसारखे : इतक्या मारामाऱ्या, इतके घोडे, इतक्या मोटारी.

मी पेशाने मास्तर आणि हौसेने कादंबरीकार. या दोन्ही उद्योगांत चिंता एकच असते : समोरच्या माणसाचे लक्ष पुढच्या वाक्यापर्यंत टिकेल काय? चाळीस मुलांचे डोळे खिडकीबाहेरच्या पतंगावरून फळ्याकडे वळवणे किती कठीण असते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला तीन तास हजार माणसांचा श्वास रोखून धरणाऱ्या कारागिराबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. हा श्वास नेमका कशाने रोखला जातो? ठोशाने? वेगाने? स्फोटाने? की आणखी कशाने? सव्वाशे वर्षांच्या सिनेमाच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकेक करून शोधली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती एका माळेत ओवून पाहावीत, असा माझा विचार आहे.

सिनेमा आपल्या देशात आला तोच मुळी आगगाडी घेऊन. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या कंपनीने जे चलच्चित्रांचे तुकडे दाखवले, त्यांत स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा एक होता. पॅरिसमध्ये ही गाडी पाहून प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, अशी कथा सांगतात. इतिहासकारांना तिला भक्कम आधार सापडत नाही. पण कथा टिकली खरी, कारण तिच्या पोटात एक सत्य आहे. भिंतीवरचे चित्र आपल्या अंगावर येऊ शकते, हे माणसाला सिनेमाच्या बाळपणीच उमगले.

पुढे १९०३ साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर याने 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा मूकपट काढला. लांबी बाराएक मिनिटांची. पण त्यात दरोडा, पाठलाग, गोळीबार आणि धावत्या गाडीवरची झटापट, असा सगळा सरंजाम. त्या झटापटीत एकाला गाडीवरून खाली फेकतात. फेकले जाते ते माणसाऐवजी ठेवलेले बाहुले, आणि आजच्या प्रेक्षकाला ते सहज ओळखू येते. चित्रपटात एक दृश्य असे आहे की, दरोडेखोर सरळ प्रेक्षकांकडे तोंड करून पिस्तूल झाडतो. कथेशी या दृश्याचा काही संबंध नाही. ते आरंभी दाखवा, नाहीतर शेवटी दाखवा, अशी मोकळीक खेळ करणाऱ्यांना दिलेली होती! म्हणजे थरार हा चाट मसाल्यासारखा वरून भुरभुरण्याचा जिन्नस आहे, अशी त्या काळची समजूत दिसते. काही निर्मात्यांची ती अजूनही आहे.

थरार वरून घालायचा नसतो, तो कथेबरोबर शिजावा लागतो, हे ज्यांनी दाखवले त्यांत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा अग्रणी. त्याच्या १९११ च्या 'द लोनडेल ऑपरेटर'ची गोष्ट पाहा. आडबाजूच्या एका स्टेशनात तारयंत्रावर काम करणारी मुलगी एकटी आहे. पगाराची थैली तिच्या ताब्यात आहे, आणि चोर दाराशी आले आहेत. तिने तार ठोकली आहे. तिचा प्रियकर इंजिन ड्रायव्हर आहे, तो इंजिन घेऊन निघाला आहे. ग्रिफिथ आपल्याला एकदा दार दाखवतो, एकदा इंजिन. पुन्हा दार, पुन्हा इंजिन. आधी दार मोडणार की आधी इंजिन पोचणार? बसल्या जागी आपण इंजिनाला मनातल्या मनात ढकलू लागतो. शेवटी मुलगी काळोखात हातातले हत्यार रोखून चोरांना जागच्या जागी खिळवून ठेवते, आणि मदत आल्यावर कळते की ते पिस्तूल नसून नट पिळायचा पाना आहे. पहिले उत्तर मिळाले ते असे : थराराचे घर वाट पाहण्यात आहे.

मराठी माणसाला हे कोणी शिकवायला नको. मी वर्गात १६६० ची पावनखिंडीची हकीकत सांगतो तेव्हा दरवर्षी एकच अनुभव येतो. बाजीप्रभूंच्या हातून किती गनीम पडले, हे कोणी पोरगे विचारीत नाही. मागच्या बाकावरून हळूच प्रश्न येतो, "सर, तोफा झाल्या का?" महाराज विशाळगडावर पोचल्याची इशारत होईपर्यंत खिंड धरायची, एवढीच ती कथा. तरवारीचे वार किती का असेनात, ऐकणाऱ्याचे कान गडाकडे लागलेले असतात. २०२२ साली 'पावनखिंड' हा मराठी चित्रपट आला, त्याचा शेवट सगळ्या महाराष्ट्राला आधीच तोंडपाठ होता. तरीही लोक तोफांची वाट पाहत बसले. शेवट ठाऊक असूनही वाट पाहायला लावणे, ही कथेची मोठी परीक्षा होय.

दुसरे उत्तर शरीराचे. १९२० साली डग्लस फेअरबँक्स 'द मार्क ऑफ झोरो'मध्ये भिंतींवरून, छपरांवरून हसत हसत उड्या मारू लागला, आणि मारामारीला प्रथमच नाचाची ऐट आली. १९२४ चा त्याचा 'द थीफ ऑफ बगदाद' आपल्याकडेही अफाट गाजला. पण फेअरबँक्स हा वीर. त्याला काही होणार नाही याची आपल्याला खात्री असते. आपल्या पोटात खरा गोळा उठवला तो विनोदी नटांनी, हे ऐकून काहींना नवल वाटेल.

'सेफ्टी लास्ट' या १९२३ च्या चित्रपटात हॅरॉल्ड लॉइड हा चष्मेवाला, कापडदुकानातला साधा नोकर एका उंच इमारतीवर चढतो आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. खाली रस्ता, मोटारी, मुंगीएवढी माणसे. आता यातली मेख सांगतो. एका खऱ्या इमारतीच्या गच्चीवर भिंतीचा देखावा उभारला होता. कॅमेरा अशा कोनातून ठेवला होता की गच्ची दिसू नये आणि पलीकडचा रस्ता मात्र दिसावा. आणि नटाच्या पायांखाली थोड्याच अंतरावर गाद्या घातलेला मंच होता. लांबून दिसणारी चढाई तर दुसऱ्याच एका तरबेज माणसाने केली. म्हणजे सगळी हातचलाखीच म्हणायची! पण थांबा. १९१९ साली छायाचित्र काढवून घेताना, खोटा म्हणून हातात घेतलेला बाँब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट गेले. पुढे तो कृत्रिम बोटे बसवलेला हातमोजा घालून काम करीत असे. घड्याळाच्या काट्याला धरलेला तो हात असा होता. युक्तीही खरी आणि जोखीमही खरी. दोन्हींचे प्रमाण कारागिराने ठरवायचे.

बस्टर कीटन हा त्याचा समकालीन. कधीही न हसणारा, दगडी चेहऱ्याचा. १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येऊन तो रुळांवर आदळला. त्याने काम चालू ठेवले. त्या वेळी मान मोडली होती, हे अनेक वर्षांनी क्ष-किरण चित्रात आढळले. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये वादळात एका घराची दर्शनी भिंतच्या भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते म्हणून तो वाचतो. भिंत खरी, वजनदार. दोन्ही बाजूंना जेमतेम मोकळी जागा. पाय ठेवायची खूण हुकली असती तर संपलेच. या दृश्यात कीटन काहीच करीत नाही, नुसता उभा असतो. तरी शंभर ठोशांनी येणार नाही असा शहारा त्याने येतो. कारण भिंत, माणूस आणि खिडकी ही तिन्ही एकाच चौकटीत, एकाच वेळी, अखंड दिसतात. मधे कात्री नाही. डोळ्यांना पुरावा मिळतो.

त्याचाच १९२६ चा 'द जनरल' हा आगगाड्यांच्या पाठलागाचा चित्रपट. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली घडलेल्या एका खऱ्या प्रसंगावर तो बेतला आहे. त्यात जळत्या लाकडी पुलावरून खरे इंजिन नदीत कोसळताना दिसते. ऑरेगन प्रांतातल्या कॉटेज ग्रोव्ह या गावाजवळ हे दृश्य घेतले, आणि ते दुसऱ्यांदा घेणे शक्यच नव्हते. चित्रपट तेव्हा चालला नाही. इंजिन कित्येक वर्षे नदीत पडून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भंगारात गेले. आज मात्र जगातल्या उत्तम चित्रपटांच्या यादीत 'द जनरल' मानाने बसतो. लोकांच्या टाळ्या कधी कधी अशा उशिराच्या गाडीने येतात.

याच वर्षांत आपल्या कोल्हापुरात काय चालले होते? बाबूराव पेंटरांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली होती. १९२३ साली त्यांनी हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला; रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला; आणि त्यात शेलारमामाची भूमिका केली ती व्ही. शांताराम या तरुणाने. तानाजीच्या त्याच कड्यावर २०२० साली 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटाने संगणकाच्या मदतीने पुन्हा चढाई केली. सत्त्याण्णव वर्षांत दोर बदलला. कडा मात्र तोच राहिला, आणि वर चढणारा माणूस परत उतरणार नाही हे दुःखही तेच.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातले मोठे स्टंटवीर. त्यांना हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणत. १९३१ साली 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच झाले. पण बोलपट आला आणि तरवारबहाद्दरांची पंचाईत झाली. ज्याचे शरीर बोलत होते त्याला आता जीभही चालवावी लागली. जगभर हेच घडले. माइक्रोफोन एका जागी बांधलेला, म्हणून नटही एका जागी बांधला गेला, आणि धावणारा सिनेमा काही काळ खुर्चीवर बसून गप्पा मारू लागला.

त्याला पुन्हा धावायला लावणाऱ्यांत आपल्या मुंबईची एक बाई होती. मेरी इव्हान्स ही ऑस्ट्रेलियात पर्थ येथे १९०८ साली जन्मलेली मुलगी लहानपणीच इकडे आली. घोड्यावर बसणे, नाच, सर्कस असे नाना उद्योग करून ती परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये पोचली, आणि १९३५ साली होमी वाडियांच्या 'हंटरवाली'तून 'फिअरलेस नादिया' म्हणून देशभर गाजली. बुरखा, चाबूक, घोडा. पुरुषांना उचलून फेकणारी, छपरावरून उडी घेणारी नायिका. हा चित्रपट घ्यायला वितरक कचरत होते, असे सांगतात. पण खेळ लागला आणि पिटातल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये नादिया धावत्या गाडीच्या टपावर लढली. पोर्टरने जेथे बाहुले फेकले होते, तेथे आता एक जिवंत बाई उभी होती.

त्याच १९३६ साली पुण्यात प्रभात कंपनीच्या 'अमर ज्योती'त दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची राणी झाल्या होत्या. एका बाजूला परळचा चाबूक, दुसऱ्या बाजूला प्रभातचे जहाज. बाईने अन्यायाला हाताने उत्तर द्यावे, हे स्वप्न सुशिक्षितांच्या आणि पिटातल्या अशा दोन्ही प्रेक्षकांना एकाच सुमारास पडले, ही इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी जोडी आहे. नादियाबद्दल लिहिताना लोक तिच्या उड्या मोजतात. मला वाटते, प्रेक्षक ओरडत होते ते उडीसाठी नव्हे. गावच्या जुलमी सावकाराला आणि दिवाणाला कोणीतरी एकदाचे उचलून आपटते आहे, यासाठी. उडीच्या मागे गाऱ्हाणे असले की तीन फुटांची उडी तीस फुटांची वाटते. पुढे १९४२ मध्ये त्याच परळच्या जागेत शांतारामबापूंनी राजकमल कलामंदिर उभारले. एकाच वास्तूत हंटरवालीचे घोडे दौडले आणि पुढे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'ही घडली.

वेग म्हणजे थरार, असा समज असणाऱ्यांनी आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'द वेजेस ऑफ फिअर' हा १९५३ चा चित्रपट अवश्य पाहावा. नावाचा अर्थ भीतीची मजुरी. दक्षिण अमेरिकेतल्या एका भिकार गावात अडकून पडलेली चार माणसे. दूरच्या तेलविहिरीला आग लागली आहे. ती स्फोटाने विझवायची म्हणून नायट्रोग्लिसरीन नेले पाहिजे. ते दणका बसला की फुटते. आणि रस्ते खड्ड्यांचे. दोन मालमोटारी, प्रत्येकीत दोघे. येथे मोटार घाटातल्या वळणावर कुजक्या फळ्यांच्या मंचावर मागे घ्यायची आहे. चाक एक बोटभर सरकते, फळी करकरते, आणि चित्रपटगृहातला माणूस आपले पाय आखडून घेतो. या चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण तर अगदी नि:शब्द आहे. मागच्या मोटारीत एकजण सिगारेट वळतो आहे. कागदावरची तंबाखू एकाएकी फुंकर मारल्यासारखी उडून जाते, आणि मग प्रकाशाचा लोळ. पुढची मोटार गेली. दोन माणसे गेली. आपण पाहिले ते फक्त तंबाखू उडताना.

त्यानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, जपानच्या अकिरा कुरोसावाने 'सेव्हन सामुराई' काढला. साडेतीन तासांना थोडा कमी असा हा चित्रपट माझ्या मते या सगळ्या पंगतीचा यजमान आहे. सोळाव्या शतकातले एक गरीब खेडे. पीक हाती आले की लुटारू येणार. शेतकरी भाकरीच्या, म्हणजे भाताच्या, मोबदल्यात सात निर्धन लढवय्ये आणतात. लढाई सुरू होण्यापूर्वी म्होरक्या आपल्याला गावाचा नकाशा दाखवतो : इकडे टेकडी, इकडे पूल, इकडे पाणी भरलेली शेते. लुटारू चाळीस, आणि एकेक पडला की कागदावरच्या खुणेवर काट. हा तर फळ्यावरचा धडा झाला! पण त्या धड्यामुळेच पुढे पाऊस, चिखल आणि घोडे यांचा जो हलकल्लोळ माजतो, त्यात प्रेक्षक हरवत नाही. कोठून घोडा शिरला, कोठे वाट बंद झाली, किती उरले, हे त्याला पाठ असते. आपल्या खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहणारा जाणता माणूस आरडाओरड पाहत नसतो. कोणी कोणता डाव धरला आणि त्यातून सुटका कोणत्या बाजूने आहे, ते पाहत असतो. कुरोसावा प्रत्येक प्रेक्षकाला असा जाणता करतो. शेवटच्या लढाईसाठी त्याने अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवले, म्हणजे नटांचा ओघ तुटू नये.

आणखी एक गोष्ट. लुटारूंजवळ तीन बंदुका आहेत. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चारही जण गोळीनेच मरतात. जन्मभर तरवार गिरवलेला, कोणाला हार न गेलेला वीर बंदुकीच्या एका बोटाने संपतो. लढाई जिंकली जाते, शेतकरी गात गात भात लावतात, आणि उरलेले तिघे थडग्यांकडे पाहत उभे राहतात. थरारपटात जिंकण्याची किंमत एवढ्या चोख हिशेबाने क्वचितच मांडली गेली असेल. हॉलिवूडने १९६० मध्ये याच कथेवरून 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला, आणि भाडोत्री वीरांनी गाव वाचवण्याची ही कल्पना फिरत फिरत आपल्या 'शोले'पर्यंत आली.

आवाजाचेही एक गुपित सांगायला हवे, आणि ते असे की तो कधी बंद करावा. १९५९ च्या 'बेन हर'मध्ये रथांची शर्यत सुमारे नऊ मिनिटे चालते. रोमजवळ अठरा एकरांचे मैदान त्यासाठी बांधले होते. रथांच्या मिरवणुकीपर्यंत वाद्ये दणाणतात; शर्यत सुरू होते आणि संगीत थांबते. उरतात टापा, चाके आणि गर्दी. १९६८ च्या 'बुलिट'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर मोटारींचा पाठलाग आहे, अकरा मिनिटांना थोडा कमी. तेथेही खरा पाठलाग सुरू होताच वाद्ये मुकी होतात. एरवी वाद्ये आपल्याला सांगत असतात की भिऊ नका, हा सिनेमा आहे. ती गप्प झाली की आपला हात सुटतो. त्या पाठलागात एक हिरवी छोटी मोटार पुन्हा पुन्हा मागे पडताना दिसते, ही चूक माहितगार हसत हसत दाखवतात. पण पहिल्यांदा पाहताना ती ध्यानात येत नाही, यातच सगळे आले.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे राहिला. रामनगरचे खडक कर्नाटकातले, पण आरंभीची आगगाडीवरची लढाई आपल्या पनवेल-उरण मार्गावर चित्रित झाली. त्या प्रसंगाला सात आठवडे लागले. त्या गाडीपेक्षा मला अधिक मोठे वाटते ते ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येचे दृश्य. झोपाळ्याची कुरकुर, वारा, आणि एका लहान मुलासमोर उभा गब्बर. गोळी सुटते, आणि पडद्यावर एकदम आगगाडी येते. मुलाचे काय झाले ते दाखवलेलेच नाही. पण पुढच्या दोन तासांतला प्रत्येक ठोसा त्या न दाखवलेल्या क्षणाच्या उधारीवर चालतो.

हाँगकाँगचा जॅकी चॅन चिनी संगीतनाटकाच्या कडक तालमीत वाढला. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये त्याने घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली पडून लॉइडला दंडवत घातला. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली. चित्रपटाच्या शेवटी तो आपली फसलेली दृश्ये दाखवी : हुकलेल्या उड्या, रक्त, धावत येणारी माणसे. मग संगणक आला आणि कोणीही कोठूनही पडू लागले. पडणाऱ्याला वजनच उरले नाही, म्हणून पाहणाऱ्याच्या छातीवरही दडपण उरले नाही. या काळात जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने, जो मुळात डॉक्टर होता आणि ज्याने अपघातातली माणसे तपासली होती, २०१५ साली 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' काढला. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या मोटारी, खरी माणसे. संगणकाचा हात मदतीला, मालकीला नाही. त्याची पत्नी मार्गारेट सिक्सेल हिने शेकडो तासांच्या चित्रणातून तो चित्रपट कापून जोडला, आणि संकलनाचे ऑस्कर तिला मिळाले. दृश्ये डोळ्याचे पाते लवेपर्यंत बदलतात. पण पाहण्याची वस्तू बहुधा चौकटीच्या मध्यावर असते, त्यामुळे डोळा चुकत नाही. कुरोसावाचा नकाशा नव्या वेगात पुन्हा कामी आला.

म्हणजे वाट पाहायला लावणे, शरीर अखंड दाखवणे, जागेचा नकाशा देणे, नेमक्या वेळी गप्प बसणे, आणि हरवण्यासारखे काहीतरी जिवाभावाचे पणाला लावणे. या पाच पदार्थांचा हा फराळ आहे. यातला शेवटचा नसेल तर पहिले चार नुसते चकलीच्या सोऱ्यासारखे : यंत्र उत्तम, पीठ नाही.

पण पणाला लागते ते केवळ कथेत नव्हे. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या मधे पडून, गाडीखालून आरपार जाणारा माणूस याकिमा कॅनट. 'बेन हर'च्या शर्यतीच्या दिग्दर्शनातही त्याचा हात होता, आणि तेथे रथावरून पुढे उलटून फेकला गेलेला तरुण त्याचाच मुलगा. हनुवटीला टाके पडले आणि दृश्य चित्रपटात राहिले. कॅनटचे नाव निदान राहिले. घोड्यांचे तेही नाही : पायांना तारा बांधून धावते घोडे पाडण्याची रीत हॉलिवूडमध्ये होती; १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून उडवलेला एक घोडा मेला, तेव्हा कोठे ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून प्राणिदया संस्थेची देखरेख आली. 'शोले'त बसंतीचा टांगा भरधाव हाकणारी, आणि तो उलटला तेव्हा जखमी झालेली रेश्मा पठाण. टाळ्या पडल्या त्या बसंतीला. अनेक वर्षांनी, २०१९ मध्ये, तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा पुष्कळांना तिचे नाव प्रथम कळले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तर केशभूषेपासून ध्वनीपर्यंत सर्वांसाठी पारितोषिके ठेवली. उड्या रचणाऱ्यांसाठी स्वतंत्र पारितोषिक जाहीर केले ते २०२५ साली. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी ते २०२८ च्या शंभराव्या समारंभात प्रथम द्यायचे, असे ठरले. नव्व्याण्णव समारंभ हे लोक मांडवाबाहेर!

सुट्टीत घरोघरी मुलांबरोबर असा एखादा चित्रपट पाहिला जाईल. नायक छपरावरून खाली येईल आणि कोणीतरी लहानगे मांडीवरून मान वळवून विचारील, "ते खोटं असतं ना हो?" घाईने 'हो' म्हणू नये. नायक पडलेला नाही, हे खरे. पण कोणीतरी पडले आहे. उठून, अंगावरची धूळ झटकून, त्याने वर पाहिले आहे आणि विचारले आहे : चांगले आले का, की पुन्हा एकदा करू?